कोसीच्या तटबंधावर

भाषांतराच्या कामात शब्द चुकला, तर तो बहुधा कागदावरच चुकतो. फार तर एखादा साक्षेपी वाचक पत्र पाठवितो आणि पुढील अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापून आपण मोकळे होतो. माझ्या हातून चुकलेला एक शब्द मात्र मला थेट उत्तर बिहारात, कोसी नदीच्या काठी घेऊन गेला. पूरसंरक्षणावरील एका हिंदी लेखाचे मराठी रूपांतर करताना ‘तटबंध’ या शब्दासाठी मी निःशंकपणे ‘बंधारा’ असे लिहिले होते. पाटण्यास अनेक वर्षे वास्तव्य असलेल्या एका मराठी वाचक भगिनींनी पत्र लिहून सौम्यपणे विचारले, की आपण तटबंध कधी पाहिला आहे काय? मी पाहिला नव्हता.

आपल्याकडील बंधारा नदीला आडवा घालतात. पाणी अडवावे, साठवावे आणि पाटाने शेतास द्यावे, हा त्याचा हेतू. तटबंध नदीच्या बरोबरीने, तिच्या काठाकाठाने जातो. त्याला पाणी साठवावयाचे नसते. पुराचे पाणी एका पट्ट्यात कोंडून पलीकडचा मुलूख कोरडा राखावयाचा असतो. सह्याद्रीतून निघणाऱ्या आपल्या नद्या बहुतेक ठिकाणी खडकात खोल रुतून वाहतात, म्हणून हा शब्द आपल्या घरगुती बोलण्यात रुळलाच नाही. त्याचे आप्त शोधावयाचे झाल्यास कोकणातील खारबांध व गोव्यातील खाजणांचे बांध यांच्याकडे पाहावे लागेल. परंतु त्यांचा सामना समुद्राच्या भरतीशी, आणि भरती वेळापत्रकाप्रमाणे येते व जाते. कोसीला वेळापत्रक नाही.

२०२४ सालच्या नोव्हेंबरात, छठपूजेच्या आधी दोन दिवस, मी दरभंग्यास गाडीत बसले. डबा सणासाठी घरी परतणाऱ्यांनी खचाखच भरलेला होता. माझ्या पिशवीवरची मराठी अक्षरे वाचून समोरच्या तरुणाने चक्क मराठीत विचारले, “ताई, तुम्ही इकडे कुठे?” हा गृहस्थ भिवंडीस यंत्रमागावर आठ वर्षे काम करीत होता. मी तटबंध पाहावयास आले आहे हे कळताच त्याला हसू आवरेना. ताजमहाल पाहावयास लोक जातात हे त्याला ठाऊक होते. मातीचा बांध पाहावयास मुंबईहून कोणी यावे, हे त्याच्या कल्पनेपलीकडचे होते. “मग आमच्याच घरी या,” तो म्हणाला, “आमचे घर बांधाच्या आतच आहे.” आतच, म्हणजे अगदी सुरक्षित, असे मी मनाशी म्हटले. या समजुतीकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

निर्मली मागे पडले आणि गाडी कोसीवरील पुलाकडे निघाली. येथे १८८७ साली घातलेला लोहमार्ग १९३४ च्या भूकंपात नष्ट झाला आणि मिथिलेचे दोन तुकडे झाले. पलीकडच्या तीरावरील सासरी गेलेली मुलगी माहेरी यावयाची तर शेकडो किलोमीटरांचा वळसा. नवा रेल्वे पूल १८ सप्टेंबर २०२० रोजी, म्हणजे शहाऐंशी वर्षांनी खुला झाला. तो जेमतेम १.९ किलोमीटर लांब आहे. मौज अशी, की नदीच्या दोन तटबंधांमधील अंतर त्याच्या कितीतरी पट आहे; पुलाखालून जाण्यासाठी नदीला दोन्ही बाजूंनी बांध घालून आवळून आणले आहे. खिडकीतून प्रथम पाणी दिसलेच नाही. दिसला तो कास गवताचा अफाट पांढरा विस्तार, मध्ये रेतीची बेटे आणि कोठे कोठे चमकणारी एखादी धार. त्या सौम्य धारेकडे पाहून ही ‘बिहारचा शोक’ म्हणून ओळखली जाणारी नदी होय, यावर विश्वास बसेना.

ही नदी अशी का वागते, हे समजून घेतल्यावाचून तटबंधाचे मर्म कळत नाही. नेपाळात सुनकोसी, अरुण व तमोर या तीन मोठ्या नद्या एकत्र येतात. त्यांतील अरुण तर तिबेटातून हिमालय भेदून येते. चतरा येथे डोंगराचा दरवाजा ओलांडून कोसी एकदम सपाट मैदानात उतरते. उतार संपला की वेग मंदावतो आणि डोंगरातून वाहून आणलेली माती व रेती ती जागच्या जागी टाकू लागते. दरवर्षीचे हे ओझे अंदाजे दहा कोटी टनांच्या घरात आहे. आपणच टाकलेल्या गाळाने पात्र उंच झाले, की नदी शेजारची सखल वाट धरते. अशा रीतीने सुमारे अडीचशे वर्षांत ती पूर्णियाच्या बाजूकडून पश्चिमेकडे सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास सरकली. अशा फिरस्त्या नदीला दोन मातीच्या भिंतींमध्ये जखडून ठेवावयाचे, हे ते कार्य.

सुपौल जिल्ह्यात पूर्व तटबंधावर मी दोन दिवस चालले. सोबत एक तरुण कनिष्ठ अभियंता आणि एक वयस्कर तटबंध-मजूर असे दोघे होते. दुरून पाहिले तर तटबंध म्हणजे क्षितिजाला लावलेली हिरवी किनार. जवळ गेल्यावर ती दोन-तीन पुरुष उंचीची, माथ्यावर मोटार जाईल एवढ्या रुंदीची मातीची भिंत होते. माथ्यावर शेणाच्या गोवऱ्या, मक्याची कणसे, खेळणारी मुले, आणि सप्टेंबरच्या पुरात आश्रयास आलेल्या कुटुंबांची ताडपत्रीची खोपटी. असे दोन तटबंध, प्रत्येकी सव्वाशे किलोमीटरांच्या सुमाराचे, नदीच्या दोन बाजूंनी जातात.

“मातीचा ढीगच तो, त्यात रचना ती काय असावयाची?” हा माझा अडाणी प्रश्न अभियंत्याने मनावर घेतला. चहाच्या टपरीवरून त्याने एक थाळी मागविली, तीत सातूच्या पिठाची छोटी भिंत थापली आणि एका बाजूस हळूच पाणी ओतले. पाणी पलीकडे गेले नाही. परंतु पिठात ओलीची एक रेघ तिरपी उतरत पुढे सरकू लागली. ती भिंतीच्या पलीकडच्या पायथ्याशी बाहेर पडली आणि तेथील पीठ ढासळले. “मॅडम, तटबंध वरून पाणी गेल्यानेच फुटतो असे नाही. ही रेघ बाहेर पडली तरी फुटतो.” चिकणमातीत ही रेघ चार हात अंतरास एक हात उतरते, रेताड मातीत सहा हातांस एक हात. म्हणजे माती जितकी हलकी तितका बांध रुंद हवा, आणि त्या रेघेवर बाहेरच्या बाजूने निदान दोन फूट कोरडी माती राहिली पाहिजे. कोसीकाठची माती हलकी आणि रेताड. तटबंध बांधावयाचा तो याच मातीचा, कारण इतक्या लांबीस दुसरी आणणार कोठून? उंचीचा हिशेबही असाच. ज्या महापुराचा अंदाज धरावयाचा, त्याच्या पातळीवर आणखी सुमारे दीड मीटर माती, लाटांसाठी व अंदाजाच्या चुकीसाठी. माती टाकावयाची ती थराथराने, प्रत्येक थर ओला करून व चोपून. माती काढलेले खड्डेही पायथ्यापासून दूर हवेत आणि त्यांच्यामध्ये न खणलेले पट्टे ठेवावे लागतात. नाहीतर खड्ड्याला खड्डा जोडून नदीस बांधालगत नवी वाट मिळते.

हे सर्व अभियंत्याचे शास्त्र. म्हाताऱ्या मजुराचे शास्त्र निराळे होते, आणि खरे सांगावयाचे तर मला तेच अधिक मोलाचे वाटले. त्याच्या हाती एक लोखंडी सळई असे. चालता चालता तो मध्येच थांबे, गवत बाजूस सारी आणि सळई खुपसून पाही. उंदीर, घुशी, कोल्हे, साळिंदर या सर्वांना कोरड्या उंच मातीची आवड. आणि पुराच्या मुलुखात तशी माती म्हणजे तटबंधच. आतल्या बाजूचे एक बीळ बाहेरच्या बाजूच्या बिळास मिळाले, की पाण्यास तयार नळी सापडते. पावसाच्या ओघळांनी पडलेल्या घळी, गुरांच्या पायवाटा, कोणी चुलीसाठी खणून नेलेली माती, उतारावर कोणी हौसेने लावलेले झाड. या प्रत्येकाशी त्याचे वैर. झाड का नको, असे मी विचारले. झाड मेले की मूळ कुजते आणि मुळाच्या जागी पोकळी राहते, हे त्याचे उत्तर. बांधावर गवत हवे, दाट आणि आखूड.

पुराच्या रात्री बिहारात तटबंधाच्या दर किलोमीटरास एक मजूर, अशी राखण असते. त्या रात्रींबद्दल तो फार कमी बोलला. पलीकडच्या पायथ्याशी पाणी झिरपू लागले तर आधी हातात घेऊन पाहावयाचे. स्वच्छ असेल तर लक्ष ठेवावयाचे. गढूळ असेल तर धावत सुटावयाचे, कारण गढूळ पाणी म्हणजे बांधाच्या पोटातील माती बाहेर येऊ लागली. जमिनीतून रेतीसह पाणी उकळल्यासारखे उसळू लागले तर ते तोंड कधीही दाबून बंद करावयाचे नाही. दाबले की ते शेजारी दुसरे तोंड फोडते. त्याच्याभोवती रेतीच्या पोत्यांचे आळे रचावयाचे. आळ्यात पाणी चढते, त्या पाण्याच्या वजनाने उसळी मंदावते, माती येणे थांबते. “दूध उतू जाताना झाकण नाही दाबत, दीदी,” तो म्हणाला.

परंतु झिरपण्याहून भयंकर शत्रू तो ‘कटाव’. आपला ‘धूप’ हा शब्द येथे फारच थंड वाटतो. कटाव म्हणजे नदीने बांधाकडे वळून त्याचा पायथा खालून कापीत नेणे. वर रस्ता जसाच्या तसा दिसतो आणि क्षणात घरभर माती पाण्यात बसते. त्यासाठी तटबंधापासून नदीत काढलेले बाहू असतात, त्यांस स्पर म्हणतात. नदीचा मुख्य वेग बांधापासून दूर ढकलणे हे त्यांचे काम. त्यांच्या टोकास तारेच्या जाळीत दगड भरून रचतात आणि पायाशी दगडांचा सैल पदर अंथरतात. पाण्याने खालची रेती नेली की तो पदर आपोआप खाली उतरून खड्डा झाकतो. स्पराची ही झीज दिसत नाही, तिला छायाचित्रही नसते, आणि म्हणून तिच्यासाठीचा खर्च लांबणीवर टाकण्याचा मोह नेहमीच होतो.

या मोहाची किंमत १८ ऑगस्ट २००८ रोजी कळली. त्या दिवशी नेपाळातील कुसहा येथे, बीरपूरच्या बॅरेजच्या वरच्या अंगास, पूर्वेकडील बांध फुटला. बॅरेज साडेनऊ लाख क्युसेक पाण्यासाठी रचलेले आहे. क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी. फुटतेवेळी नदीत याच्या एक पंचमांशही पाणी नव्हते. तो महापूर नव्हताच. नदी बांधास भिडून स्परांना व पायथ्याला पोखरीत होती, आणि वेळेवर ते आवरले गेले नाही. कोसी आपल्या जुन्या पूर्वेकडील वाटांनी धावली. सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा व पूर्णिया या जिल्ह्यांत तीस लाखांहून अधिक लोकांची वाताहत झाली. त्यांतील कित्येकांनी दोन पिढ्यांत पूर पाहिला नव्हता; बांधाने त्यांना पुराची सवयच मोडावयास लावली होती. याच तटबंधांना १९६३, १९८४, १९८७ या वर्षांतही खिंडारे पडली होती. ही यादी पूर्ण नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीतला तो तरुण मला न्यावयास आला. तटबंधाच्या माथ्यावर उभे राहून मी दोन्ही बाजूंस पाहिले आणि तेव्हा मला पहिला धक्का बसला. नदीच्या बाजूची जमीन बाहेरच्या जमिनीहून स्पष्ट उंच होती. गाळ पसरावयास सगळा मुलूख मोकळा नाही, म्हणून तो सर्व दोन भिंतींमध्ये बसत गेला आणि नदीचा ओटा दरवर्षी चढत गेला. बाहेरच्या बाजूस, पायथ्यालगत, मैलोगणती साचलेले पाणी. पावसाचे पाणी नदीत जावयाचे, पण मध्ये बांध उभा. त्यासाठी ठेवलेली दारे नदीच्या बाजूने गाळाने चोंदतात, आणि पुराच्या वेळी तर ती उघडणेच अशक्य. त्या दलदलीत लोकांनी मखाना लावला आहे. काट्यांनी भरलेल्या पानांखाली बुडी मारून तळाचे बी वेचणाऱ्या मजुराकडे पाहिल्यावर उपवासाचा मखाना खाताना हात जरा थबकतो.

नावेने दोन धारा ओलांडून, मध्ये रेतीतून पाऊण तास चालून आम्ही त्याच्या घरी पोहोचलो. घर म्हणजे बांबूच्या तट्ट्या व कासाचे छप्पर. सप्टेंबरच्या पुरानंतर नव्याने उभे केलेले. पक्के का बांधीत नाही, हे विचारावयाची गरज उरली नव्हती. अंगणात त्याचे आजोबा बसले होते, वय ऐंशीच्या पुढे. आजी छठच्या ठेकुव्यासाठी गहू वाळवीत होती. मला पाहून तिने पाणी विचारण्याआधी मैथिलीत विचारले, “अहाँक घर बान्हक भीतर अछि कि बाहर?” तुमचे घर बांधाच्या आत की बाहेर?

नातवाने हसत सांगितले, की ताईंच्या गावी बांधच नाही. तिला ते नीटसे पटले नाही. जगात घरे दोनच प्रकारची असतात, आतली आणि बाहेरची. बाहेरची ती सुरक्षित, आणि आतली ती नदीच्या स्वाधीन. मी गाडीत ऐकलेल्या ‘आतच’ या शब्दाचा अर्थ मला त्या अंगणात कळला. दोन तटबंधांच्या मध्ये, नदीच्या ओटीत, तीनशेहून अधिक गावे राहिली आहेत.

हे कसे घडले, ते आजोबांनी सांगितले. १९५३ च्या पुरानंतर सरकारने कोसीचा प्रश्न हाती घेतला. मातीचे बांध घालावेत की नाही, याविषयी पूर्वीपासून मतभेद होते. १९३७ सालच्या पाटण्याच्या पूरपरिषदेत खुद्द प्रांताचे मुख्य अभियंता कॅप्टन हॉल यांनी बांधांविरुद्ध मत मांडले होते. १९४७ साली निर्मलीच्या परिषदेत नेपाळात बराहक्षेत्र येथे प्रचंड उंच धरण बांधण्याची घोषणा झाली. ते धरण झाले नाही. १९५४ मध्ये कंवर सेन व के. एल. राव हे अभियंते चीनमधील पीत नदीचे तटबंध पाहून आले, आणि जानेवारी १९५५ मध्ये निर्मलीजवळ कामास आरंभ झाला. भारत सेवक समाजाने गावोगाव श्रमदानाची हाक दिली. अर्धी भाकरी खाऊ, पण कोसीला बांध घालू, अशी घोषणा होती. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे. डोक्यावर टोपली घेऊन त्यांनीही माती वाहिली. “किती उत्साह होता,” ते म्हणाले, आणि त्या आठवणीने त्यांचा चेहरा खरोखरच उजळला. त्यात उपरोधाचा लवलेशही नव्हता. आपण वाहिलेल्या मातीच्या कोणत्या बाजूस आपले घर राहणार, हे त्यांना पुढच्या पावसाळ्यात समजले. बाहेर वसण्यास जागा देण्याची योजना निघाली, काही जण गेलेही. पण शेत आत आणि घर बाहेर, मध्ये नदी, असा संसार चालेना, म्हणून पुष्कळसे परत आले. १९८७ साली या लोकांसाठी कोसी पीडित विकास प्राधिकरणही स्थापन झाले. अंगणात त्या नावाची आठवण फक्त नातवास होती, तीही वर्तमानपत्रातून.

त्यांचे घर आजवर सतरा वेळा हलले, असा आजींचा हिशेब. आजोबांच्या मते चौदा वेळा. यावरून दोघांत थोडा वाद झाला.

२८ सप्टेंबर २०२४ रोजी बीरपूरहून ६.६१ लाख क्युसेक पाणी वाहिले. सेकंदास जवळजवळ एक कोटी सत्त्याऐंशी लाख लिटर. १९६८ नंतर, छप्पन वर्षांत, एवढे पाणी आले नव्हते. त्या रात्री हे कुटुंब दोन म्हशी व धान्याची एक कोठी घेऊन तटबंधावर चढले. मी ज्या मजुराबरोबर चालले, तो त्याच रात्री कंदील घेऊन त्याच बांधावर फिरत होता. बिळांतून उंदीर व साप निघून माथ्याकडे धावत होते आणि माणसेही. सगळे एकाच वाटेवर. पूर्व तटबंध टिकला. २९ सप्टेंबरच्या रात्री पश्चिम तटबंधाला मात्र दरभंगा जिल्ह्यातील कीरतपूर भागात, भुभौल येथे खिंडार पडले, आणि बाहेरची गावे बुडाली. त्या रात्री आत-बाहेर हा भेद तेथे उरला नाही.

बिहारात १९५२ साली तटबंधांची एकूण लांबी सुमारे १६० किलोमीटर होती; पुढे ती ३,४०० किलोमीटरांवर गेली. पूरप्रवण क्षेत्र मात्र पंचवीस लाख हेक्टरांवरून अडुसष्ट लाख ऐंशी हजार हेक्टरांवर गेले. हे दोन आकडे शेजारी मांडून सगळा दोष मातीच्या भिंतींवर ढकलणे मला घाईचे वाटते. मधल्या काळात रस्ते, लोहमार्ग, वस्त्या यांनीही पाण्याच्या वाटा अडविल्या. आणि बाहेरची जी शेते आज हिरवी आहेत, त्यांचे मालक तटबंध पाडा असे म्हणणार नाहीत. तरीही हे आकडे शेजारी मांडावेच लागतात. अभियंत्यालाही मी ते दाखविले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, की बांधणाऱ्यांना समारंभ मिळतो, राखणाऱ्यांना अंदाजपत्रकातली शेवटची ओळ.

संध्याकाळी अर्घ्याच्या वेळी सारे गाव कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. ज्या नदीने दीड महिन्यापूर्वी घर नेले, तिच्याच पाण्यात आजीने सूप उचलून मावळत्या सूर्याला धरले. मी काठावर उभी होते.

परतल्यावर मी माझे ते जुने भाषांतर काढून पाहिले. ‘बंधारा’ ही चूक पाटण्याच्या वाचक भगिनींनी दाखविली होती. दुसरी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. मूळ हिंदीत ‘तटबंध के भीतर के गाँव’ असे शब्द होते, आणि मी मोठ्या ऐटीत लिहिले होते : ‘तटबंधाच्या आश्रयास असलेली गावे.’ पुढील अंकासाठी दोन ओळींची दुरुस्ती पाठविली आहे. पहिल्या ओळीत ‘बंधारा’ याऐवजी ‘तटबंध’ असे वाचावे. दुसऱ्या ओळीत, ‘आश्रयास असलेली’ याऐवजी ‘नदी व तटबंध यांच्या मध्ये राहिलेली’.